अक्षरांवर बंदी घालून नाझी संपत नाहीत

२०१९ साली स्वीडनमध्ये एक वाद बराच पेटला होता. वर्णद्वेषी चिन्हांवर कायद्याने बंदी आणता येईल का याची चाचपणी सरकारने सुरू केली, आणि त्यात रून्सचाही, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीच्या अक्षरांचाही, विचार होतोय हे कळल्यावर लोक खवळले. सह्यांच्या मोहिमा निघाल्या, ख्रिश्चन धर्म येण्याआधीचा तिकडचा जुना नॉर्स धर्म आजही पाळणाऱ्या मंडळींनी निषेध केला, इतिहासप्रेमी बोलायला लागले. एका बाजूचं म्हणणं असं की निओ-नाझी टोळ्या ही अक्षरं झेंड्यावर घेऊन रस्त्यावर उतरतात, लोकांना भीती वाटते, मग बंदी का नको. दुसरी बाजू म्हणत होती की ही आमच्या पूर्वजांची लिपी आहे, चार गुंडांपायी आम्ही ती का सोडायची.

मला या वादात दुसऱ्या बाजूचं पटतं, पण अर्धंच. रून्सवर बंदी नको हे तर आहेच. पण "आमचा वारसा आहे, हात लावू नका" एवढं म्हणून सुटका होत नाही, कारण वारसा म्हणून मिरवणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना त्या अक्षरांनी लिहिलंय काय हेच माहीत नसतं, आणि नाझींचं सगळं त्या अज्ञानावरच चालतं.

आपल्याकडे हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. एक तर वेब सिरीज आणि व्हिडिओ गेम्समुळे व्हायकिंग, म्हणजे हजार वर्षांपूर्वीचे उत्तर युरोपातले दर्यावर्दी, आपल्याकडेही घरोघरी पोचलेत, पुण्या-मुंबईत पोरं हातावर रून्सचे टॅटू काढून घेतात, इन्स्टावर त्यांचा मुख्य देव ओडिन आणि त्याचा स्वर्गातला महाल वाल्हाल्ला यांच्या रील्स फिरत असतात. आणि दुसरं कारण जास्त जवळचं आहे, ते म्हणजे स्वस्तिक. ते पुढे येईलच.

आधी रून्स म्हणजे काय ते नीट बघू, कारण बहुतेक लोकांच्या डोक्यात "जादूची चिन्हं" एवढंच असतं. रून्स ही सरळसरळ लिपी आहे. जुन्या रूपात २४ अक्षरं, पहिल्या सहा अक्षरांवरून तिला फुथार्क म्हणतात. डेन्मार्कमध्ये विमोसे इथे सापडलेल्या एका कंगव्यावर साधारण इसवी सन १६० च्या सुमाराचा लेख आहे, एकच शब्द, बहुधा कुणाचं तरी नाव. स्वीडनच्या गॉटलंड बेटावरच्या क्युल्व्हर इथल्या दगडावर साधारण ४०० च्या आसपास कुणीतरी अख्खी अक्षरमाला ओळीने कोरून ठेवलीय. पुढे आठव्या शतकाच्या सुमाराला अक्षरं २४ वरून १६ वर आली, आणि आपण ज्यांना व्हायकिंग म्हणतो ते लोक ही १६ अक्षरी लिपी वापरत होते.

आता त्यांनी लिहिलंय काय? स्वीडनमध्ये अडीच हजाराच्या आसपास रूनदगड आहेत, त्यातले हजाराहून जास्त एकट्या उपलँड भागात. बहुतेक अकराव्या शतकातले. आणि त्यावर रक्त, तलवारी, वंशाचा गर्व असलं काही अपेक्षित असेल तर निराशा होईल, कारण बहुसंख्य दगड म्हणजे अमक्याने आपल्या बापाच्या, भावाच्या, मुलाच्या आठवणीत हा दगड उभा केला, एवढाच मजकूर. कितीतरी दगडांवर क्रॉस आहे आणि खाली "देव त्याच्या आत्म्याला साहाय्य करो", कारण तोवर ही माणसं ख्रिश्चन होत आली होती. कुणी पूल बांधला, कुणी रस्ता केला, त्याचीही नोंद आहे. नॉर्वेत डिन्ना इथला एक दगड गुन्व्होर नावाच्या आईने आपल्या मुलीच्या, आस्त्रिदच्या आठवणीत उभारलाय, तिने मुलीसाठी पूल बांधला आणि दगडावर कोरून घेतलं की हाडेलँड भागात तिच्यासारखी हुन्नरी मुलगी नव्हती. आणि मला सगळ्यात आवडतो तो स्वीडनमधल्या हासम्युराचा दगड. होल्मगौत नावाच्या शेतकऱ्याने बायकोच्या, ओडिनडिसाच्या आठवणीत तो उभा केला. त्यावर लिहिलंय की हासम्युरामध्ये शेत-घर सांभाळणारी याहून चांगली गृहिणी पुन्हा येणार नाही. खाली कोरणाऱ्याचं नाव, रेड बल्ली. हजार वर्षांपूर्वीचा एक शेतकरी बायको गेल्यावर एवढंच म्हणतोय, आणि याच लिपीला आज कुणीतरी "युद्धाची लिपी" म्हणून छातीवर गोंदवून घेतो.

याहून गंमतशीर माल मिळाला बर्गनला. १९५५ मध्ये नॉर्वेतल्या बर्गन शहरात ब्रिगेनच्या धक्क्यावर मोठी आग लागली, त्यानंतर तिथे बरीच वर्षं उत्खनन चाललं आणि मातीतून लाकडाच्या काठ्या निघाल्या, रून्स कोरलेल्या, सहाशेहून जास्त लेख. मध्ययुगातल्या लोकांचे हे अक्षरशः मेसेज आहेत. मालावर लावायच्या मालकीच्या चिठ्ठ्या आहेत. एका काठीवर आहे, "ग्युदा म्हणतेय, घरी ये". एवढंच वाचता येतं, पुढची अक्षरं लागत नाहीत, पण नवरा कुठे बसला असेल याचा अंदाज कुणालाही करता येईल. एका काठीवर तोरीर नावाचा व्यापारी आपला भागीदार हाफग्रिम याला लिहितोय, आधी देवाचा आणि स्वतःचा नमस्कार, मैत्री, भागीदारी वगैरे सगळं रीतसर, आणि मग लगेच रडगाणं, की माझी फार ओढाताण आहे, ना बियर आहे ना मासळी, तुला कळावं म्हणून लिहितोय, माझ्याकडे तगादा लावू नकोस. कुठल्याही बाजारपेठेत आजही असं पत्र जाऊ शकतं. आणि एका काठीवर तर चक्क रोमन कवी व्हर्जिलची लॅटिन ओळ रून्समध्ये कोरलीय, प्रेम सगळ्यांना जिंकतं अशा अर्थाची. म्हणजे रून्स येणारा माणूस लॅटिन कविता पाठ असलेला निघाला, आणि आपण समजत होतो की हे फक्त कुऱ्हाडी परजणाऱ्यांचं काम.

तुमच्या खिशातल्या फोनवरही दोन रून्स आहेत. ब्लूटूथचं जे चिन्ह आहे ते डेन्मार्कचा दहाव्या शतकातला राजा हाराल्ड ब्लूटूथ याच्या नावाची दोन अक्षरं जोडून केलंय. डेन्मार्कमध्ये येलिंगला त्याने आईबापाच्या स्मरणार्थ उभारलेला मोठा दगड आजही आहे, त्यावर तो अभिमानाने सांगतो की मी डेन्मार्क आणि नॉर्वे जिंकले आणि डेन लोकांना ख्रिश्चन केलं. उद्या रून्सवर सरसकट बंदी आली तर जगातल्या जवळपास प्रत्येक फोनवरचं ते चिन्ह काढावं लागेल, इतकी ती कल्पना अव्यवहार्य आहे.

मग या लिपीला वंशवादाचा डाग लागला कुठून? याचं उत्तर नेमकं देता येतं, आणि ते द्यायलाच पाहिजे. व्हिएन्नामध्ये गीडो फॉन लिस्ट नावाचा एक लेखक होता. १९०२ मध्ये त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, अकरा महिने डोळ्यांवर पट्टी. त्या अंधारात आपल्याला रून्सचं खरं रहस्य दिसलं असा त्याचा दावा, आणि त्यातून त्याने स्वतःची १८ रून्सची नवी पद्धत काढली. या १८ अक्षरांची माला कुठल्याही दगडावर, कंगव्यावर, काठीवर मिळत नाही, कारण ती त्याने बनवलीय. पण जर्मन वंश, शुद्ध रक्त, प्राचीन पुरोहित असली सगळी भेळ त्यात घातल्यामुळे तिला गिऱ्हाईक मिळालं. पुढे एसएस या हिटलरच्या खास सशस्त्र दलाचा प्रमुख हिमलर, त्याला या असल्या गोष्टींचं भारी वेड, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला वॉल्टर हेक नावाच्या ग्राफिक डिझायनरने दोन विजेसारखी अक्षरं शेजारी शेजारी ठेवून एसएसचं चिन्ह तयार केलं, आणि ते लाखो लोकांच्या मृत्यूशी जोडलं गेलं. एसएसच्या एका डिव्हिजनचं नावच "विकिंग" ठेवलं, स्कँडिनेव्हियातल्या पोरांना भरती करायला. त्याच काळात नॉर्वेतून सातशेहून जास्त ज्यूंना पकडून नेलं गेलं, परत आलेले चाळीसपेक्षा कमी. म्हणून रून्स बघून ज्याच्या अंगावर काटा येतो त्याला "अहो ती नुसती अक्षरं आहेत" असं सांगणं मला माणुसकीचं वाटत नाही. त्याची भीती खरी आहे. तिला कारण आहे.

पण ती भीती खरी आहे म्हणून त्यावर अक्षरबंदी हा इलाज बरोबर ठरतो का, तर नाही. नॉर्डिक रेझिस्टन्स मूव्हमेंट ही निओ-नाझी संघटना टिर रून वापरते, वर टोक असलेल्या बाणासारखं दिसणारं अक्षर. फिनलँडने काय केलं? त्या बाणाच्या मागे न लागता २०२० मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने ती संघटनाच बेकायदा ठरवली. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. संघटना मोडा, तिचा पैसा, तिच्या सभा, तिची भरती बंद करा. अक्षर बंद केलं तर ते उद्या दुसरं घेतील, आणि त्यांनी हे करून दाखवलंय. अमेरिकेतल्या नॅशनल सोशलिस्ट मूव्हमेंटने २०१६ मध्ये झेंड्यावरचं नाझी चिन्ह काढलं आणि तिथे ओडाल रून बसवली, लोकांना जरा सौम्य वाटावं म्हणून. ओडालवर बंदी घाला, मग ते तिसरं शोधतील, २४ अक्षरं आहेत, तुम्ही कुठवर पळणार त्यांच्या मागे. जर्मनीचा कायदा कडक आहे, एसएसचं चिन्ह तिथे चालत नाही आणि चालू नये, कारण ते चिन्ह त्या संघटनेसाठी बनवलेलं आहे. पण त्या कायद्यातही शिक्षण, कला, संशोधन, बातमी यांना सूट आहे. म्हणजे तिथेही कोण वापरतंय, कशासाठी वापरतंय हे बघतातच.

२०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळचा किस्सा सांगतो. नॉर्वेच्या स्की टीमसाठी बनवलेल्या स्वेटरवर टिर रून होती. निओ-नाझी तीच वापरतात म्हणून आरडाओरडा झाला आणि कंपनीने ते स्वेटर विकायचं बंद केलं. कंपनीचं कळतं, धंदा आहे, कुणाला नको ती बदनामी. पण परिणाम काय झाला बघा. ऑलिंपिकच्या खेळाडूंच्या अंगावरून, साध्या माणसांच्या कपाटातून ते अक्षर गेलं आणि नाझींच्या झेंड्यावर मात्र राहिलं. पुढच्या पिढीतलं पोर ते अक्षर पहिल्यांदा बघेल ते कुठे? मोर्च्यातच ना! प्रत्येक माघारीनंतर ते चिन्ह आणखी थोडं त्यांचं होत जातं, आणि आपल्याला वाटतं आपण त्यांना हरवलं.

पुराणकथांचंही हेच झालंय. ओडिन, थोर यांना "शुद्ध नॉर्डिक रक्ता"चे देव म्हणून उभं करणाऱ्यांनी त्या कथा वाचलेल्याच नसतात. ओडिनची आई बेस्टला, ती योतुन कुळातली, म्हणजे देवांचे शत्रू मानले जाणारे जे राक्षस-दैत्यांसारखे लोक, त्यांच्यातली. थोरची आई योर्द, ती पण योतुन. न्योर्द देवाची बायको स्कादी, योतुन. लोकी या खोडकर देवाचा बाप योतुन आणि लोकी तर ओडिनचा रक्ताची शपथ घेतलेला भाऊ. देवांच्या अख्ख्या घरात मिश्र लग्नं आहेत, शुद्ध रक्ताच्या कसोटीवर खुद्द थोर नापास होतो. हाच थोर, हातोडा चोरीला गेल्यावर नवरीचा वेश घालून, चेहऱ्यावर ओढणी घेऊन शत्रूच्या घरी जातो, ही कथा जुन्या आइसलँडी काव्यात रंगवून सांगितलीय. मर्दानगीचा देव म्हणून त्याचा हातोडा गळ्यात घालणाऱ्यांनी ती जरूर वाचावी. या कथा आपल्यापर्यंत आल्या त्याही ख्रिश्चन आइसलँडी लोकांमुळे, तेराव्या शतकात स्नॉरी स्टुर्लुसन आणि त्याच्यासारख्यांनी त्या लिहून ठेवल्या नसत्या तर आज ओडिन नावापुरता उरला असता. दुसऱ्या धर्मात गेलेल्या नातवंडांनी आजोबांच्या गोष्टी प्रेमाने जपल्या, हे मला फार मोठं वाटतं.

विज्ञानही तेच सांगतं. २०२० मध्ये चारशेहून जास्त प्राचीन सांगाड्यांच्या डीएनएचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हायकिंग सगळे गोरे-सोनेरी केसांचे एका रक्ताचे होते हा समज त्यात टिकला नाही, दक्षिण युरोप आणि आशियाकडचा अंश कितीतरी जणांत होता, आणि स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांवर व्हायकिंग पद्धतीने, तलवारीसकट पुरलेली माणसं स्थानिक पिक्ट वंशाची निघाली. व्हायकिंग असणं हे जगण्याच्या पद्धतीवर, धंद्यावर होतं, रक्तावर नव्हतं.

याचा अर्थ ते संत होते असं अजिबात नाही. ७९३ मध्ये इंग्लंडमधला लिंडिसफार्नचा मठ लुटला, माणसं मारली, कितीतरी लोकांना गुलाम करून बाजारात विकलं, हा त्यांच्या व्यापाराचा मोठा भाग होता. व्हायकिंगवर प्रेम करणारे लोक हे गाळून टाकतात तेव्हा तेही खोटंच बोलत असतात. मला इतिहास पूर्ण पाहिजे, बायकोसाठी दगड उभारणारा होल्मगौतही आणि बेड्यांत विकला जाणारा आयरिश माणूसही.

आता स्वस्तिकाकडे येऊ. नॉर्वेत ओसेबर्ग इथे १९०४ मध्ये एक जहाज उकरून काढलं, ८३४ मध्ये दोन बायकांना त्यात पुरलं होतं. त्यातल्या एका बादलीच्या कडीखाली मांडी घालून, डोळे मिटून बसलेल्या माणसाची आकृती आहे आणि तिच्या छातीवर स्वस्तिकं आहेत. लोक तिला गमतीने बुद्धाची बादली म्हणतात, ती घडवली गेली बहुधा आयर्लंडमध्ये. खरा बुद्धही सापडलाय, स्वीडनच्या हेल्गो बेटावर १९५६ मध्ये, आपल्या उपखंडाच्या वायव्य टोकाला घडवलेली छोटी ब्राँझची मूर्ती, बोटभर उंचीची, हातोहात व्यापार होत तिकडे पोचलेली. आणि डेन्मार्कच्या नॅशनल म्युझियममधला स्नोल्डेलेवचा दगड, त्यावर रून्स आहेत, तीन शिंगं एकमेकांत अडकवलेलं चिन्ह आहे आणि स्वस्तिकही आहे. नुसता आकार बघून बंदी घालणारा कायदा केला तर हा दगड दोनदा गुन्हेगार ठरेल.

आपण मराठी माणसं उंबऱ्यावर, कलशावर, लक्ष्मीपूजनाला वहीच्या पहिल्या पानावर स्वस्तिक काढतो. २००७ मध्ये जर्मनीने युरोपभर नाझी चिन्हांवर बंदीचा प्रस्ताव आणला तेव्हा हिंदू संघटनांनी आवाज उठवला आणि स्वस्तिक त्यातून वगळलं गेलं. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने नाझी चिन्ह दाखवण्यावर बंदी आणली तेव्हा हिंदू, बौद्ध, जैनांच्या धार्मिक वापराला स्पष्ट सूट दिली. मेलबर्नमधल्या मराठी घराच्या दारावर स्वस्तिक काढता येतं ते या सुटीमुळे. आपण जगाकडे हे मागतो की चिन्ह बघू नका, वापर बघा. मग तोच न्याय स्वीडनच्या शेतकऱ्याच्या अक्षरांना लावायला नको का?

पण हा न्याय मागताना आपल्या अंगणातही बघावं लागतं. २००६ मध्ये नवी मुंबईत, खारघरला, हिटलरच्या नावाचं रेस्टॉरंट उघडलं होतं, नाझी चिन्हासकट. मुंबईतल्या ज्यू समाजाने विरोध केल्यावर मालकाने नाव बदललं. या समाजात बेने इस्रायली लोक आहेत, कोकणात पिढ्यान्पिढ्या तेल गाळणारे, घरात मराठी बोलणारे, आपलेच लोक. त्यांना आपल्याच शहरात हे सहन करावं लागलं. आजही हिटलरचं पुस्तक आपल्याकडे फूटपाथवर मॅनेजमेंटच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं आणि घेणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. एकीकडे आमचं स्वस्तिक वेगळं म्हणायचं आणि दुसरीकडे त्यांचं नाझी चिन्ह स्टाईल म्हणून खपवून घ्यायचं, असं केलं तर आपल्या पहिल्या वाक्यावर कोण विश्वास ठेवणार?

रून्सच्या बाबतीत हे काम काही लोक मनापासून करतायत. आइसलँडमध्ये १९७२ पासून आसात्रू मंडळींची, म्हणजे हाच जुना नॉर्स धर्म पाळणाऱ्यांची, संस्था आहे, हजारोंनी सभासद आहेत, आणि बाहेरचे वंशवादी लोक त्यांच्या धर्माचं नाव वापरतात तेव्हा ते उघड विरोध करतात. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने "आमचा धर्म गोऱ्यांसाठीच" अशा अर्थाची भूमिका घेतल्यावर कितीतरी देशांतल्या नॉर्स धर्म पाळणाऱ्या गटांनी मिळून एक जाहीरनामा काढला आणि त्या गटाशी संबंध तोडले. त्याला नाव दिलं डिक्लरेशन १२७, कारण हावामाल या जुन्या काव्याच्या १२७ व्या कडव्यात सांगितलंय की वाईट दिसलं तर ते वाईट आहे म्हणून बोल आणि शत्रूला शांतता देऊ नकोस. बंदीपेक्षा हे मला कितीतरी ताकदीचं वाटतं, कारण ज्यांचं चिन्ह चोरलं गेलं तेच उठून चोराचं नाव घेतायत.

आपल्याकडच्या टॅटूवाल्या पोरांनाही एवढंच सांगणं आहे की काढा, हौसेने काढा, पण आधी वाचा. दोन विजांचं एसएस चिन्ह कुठल्याही कारणाने नको. बारा आऱ्यांचा "काळा सूर्य" व्हायकिंगांचा नाही, तो हिमलरच्या वेवेल्सबुर्ग किल्ल्याच्या फरशीतून आलाय, तोही नको. व्हायकिंग होकायंत्र म्हणून जे नेटवर फिरतं ते वेगविसिर १८६० च्या एका आइसलँडी हस्तलिखितातलं आहे, त्याचा व्हायकिंगांशी संबंध दाखवणारा काही पुरावा नाही. ते काढायला हरकत नाही, फक्त हजार वर्षं जुनं म्हणून सांगू नका. आणि ज्या ग्रुपमध्ये रून्सच्या फोटोखाली "शुद्ध आर्य रक्त" वगैरे सुरू होतं तिथून गुपचूप बाहेर पडू नका, तिथेच लिहा की थोरची आई योतुन होती, येलिंगचा दगड एका ख्रिश्चन राजाने उभारलाय, आणि बर्गनमधला तोरीर याच अक्षरांत बियर नाही म्हणून रडत होता.